शिट्टीसर

डोंबिवलीत कुणाचा काकाकुवा चावायला लागला, इग्वाना शेपटीचे फटके मारायला लागला किंवा आफ्रिकन पोपटाने स्वतःचीच पिसं उपटून छाती उघडी पाडली, की लोक आधी मोबाइलवर शोधतात, मग घरातल्या घरात एकमेकांवर खापर फोडतात आणि शेवटी शिट्टीसरांना फोन करतात. सरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"चावला, त्याच्या आधी काय झालं?"

"काहीच नाही सर. एकदम चावला."

"एकदम कुणी चावत नाही. पत्ता पाठवा. आणि घरातली सगळी माणसं हजर ठेवा. आजीसुद्धा."

फोन बंद. नमस्कार-चमत्काराची सरांना सवय नाही.

सरांनी एका शाळेत तेहतीस वर्षं पी.टी. शिकवली. शिकवली म्हणजे पितळी शिट्टी वाजवली. पुढचं मुलांनी घाबरून केलं. उशीर झाला, मैदानाला पाच फेऱ्या. बूट पांढरे नाहीत, पंचवीस उठाबशा. रांगेत हसलास, अंगठे धर. का हसलास ते सांगितलंस, आणखी पाच मिनिटं धर. त्या काळचे पालकही असे की शाळेत तक्रार घेऊन यायचे नाहीत. "घरीपण ऐकत नाही, जरा बघा" अशी शिफारस घेऊन यायचे. सर बघायचे. निवृत्तीला शाळेने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. शिट्टी सरांनी आपणहून ठेवून घेतली. काळ्या दोरीत ती अजून गळ्यात असते. आंघोळीलाही काढत नाहीत, अशी सोसायटीत वदंता आहे आणि काकूंनी ती कधी खोडून काढलेली नाही.

असा माणूस परदेशी पशुपक्ष्यांचा समुपदेशक झाला, याला जबाबदार त्यांचा मुलगा. त्याने पहिल्या बोनसमधून आफ्रिकन ग्रे जातीच्या पोपटाचं पिल्लू आणलं. राखाडी अंग, लालभडक शेपूट आणि माणसाच्या नजरेला नजर भिडवायची खोड. मुलाने त्याचं नाव ठेवलं लोकी. कुठल्याशा इंग्रजी सिनेमातला उपद्व्यापी देव म्हणे. दोन वर्षांनी मुलगा नोकरीसाठी टोरांटोला गेला आणि पोपट इथेच राहिला. आपल्याकडच्या पुष्कळ परदेशी प्राण्यांची हीच कहाणी आहे: मुलं परदेशी जातात आणि परदेशी प्राणी आईबापांच्या गळ्यात पडतात. लोकी हे नाव सरांच्या जिभेला मानवलं नाही. हजेरीपटावर आडनावं वाचलेल्या माणसाने त्याचं सरळ 'लोके' करून टाकलं. मालवणकडच्या एखाद्या मुलाला हाक मारावी तशी घरात हाक ऐकू येऊ लागली, "लोके, काय चाललंय?"

लोकेचं ओरडणं चाललं होतं. मुलगा गेल्यापासून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तिन्ही विंगांना ऐकू जाईल असं. सरांनी मैदानावरचा उपाय केला. पिंजऱ्यासमोर ताठ उभे राहून, पोटातून आवाज काढून म्हणाले, "गप्प बस!" लोके गप्प बसला. त्याने मान तिरकी करून सरांकडे कौतुकाने पाहिलं. ओरडलं की हा उंच माणूस आतल्या खोलीतून धावत येतो, समोर उभा राहतो आणि आपल्यापेक्षा मोठ्याने ओरडतो, ही त्याला इतकी मजेची गोष्ट वाटली की त्याने ओरडण्याचं प्रमाण दुप्पट केलं. महिन्याभरात तो "गप्प बस!" असं सरांच्याच आवाजात म्हणू लागला. त्यानंतर "सावधान!" आलं. एका सकाळी सहाला ते त्याने इतकं हुबेहूब म्हटलं की समोरच्या विंगेत गॅलरीत दात घासत उभे असलेले सरांचे दोन माजी विद्यार्थी ब्रशसकट ताठ झाले.

मग शिक्षा वाढत गेल्या. पिंजऱ्यावर चादर. इस्त्रीच्या बाटलीतून तोंडावर पाणी. लोके ओरडायचा थांबला नाही, पण सरांना पाहून कोपऱ्यात सरकू लागला. मग त्याने सरांचा अंगठा फोडला आणि पावसाळ्याच्या तोंडावर छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. काकूंनी टोरांटोला फोन करून काय ते सांगितलं. मुलाने एक पुस्तक पाठवलं: कॅरन प्रायर या बाईंचं, १९८४ सालचं, 'डोन्ट शूट द डॉग'. सरांना आधी वाटलं, महापालिकेच्या श्वानपथकाविषयी असेल.

कॅरन प्रायर १९६०च्या दशकात हवाई बेटांवर डॉल्फिनना शिकवत. डॉल्फिनला पट्टा घालता येत नाही, छडी दाखवता येत नाही. तुम्ही रागावलात तर तो फक्त टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. त्यामुळे त्याला शिकवायचा एकच मार्ग उरतो. त्याने हवी ती गोष्ट केली की त्याच क्षणी खूण करायची आणि लगेच मासा द्यायचा. खूण पाण्यातही ऐकू गेली पाहिजे, म्हणून ती शिट्टीची. हे पान वाचून सरांनी पुस्तक उताणं टेबलावर ठेवलं आणि गळ्यातली शिट्टी हातात घेऊन बराच वेळ पाहिली, असं काकू सांगतात. सरांनी स्वतः मला एवढंच सांगितलं, "शिट्टी बरोबर होती. तेहतीस वर्षं टायमिंग चुकलं."

पुस्तक हातात पडल्यावर शिकवणी लगेच सुरू झाली असं मात्र नाही. सरांनी आधी लोकेला टोपलीत घालून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. हा त्यांचा नियम आजही पक्का आहे. स्वभाव बदलला की आधी डॉक्टर, मग मास्तर. पिसं उपटण्यामागे त्वचेचा रोग, यकृताचं दुखणं, जंतू, काहीही असू शकतं, आणि आजारी जनावराला शिकवत बसणं हा सरांच्या मते निव्वळ छळ. लोकेच्या बाबतीत निदान वेगळं निघालं. वाटीभर सूर्यफुलाच्या बिया हाच त्याचा आहार होता, आणि झोप कमी. रानातल्या पोपटाचे कित्येक तास अन्न शोधण्यात जातात. पिंजऱ्यातल्याची वाटी दहा मिनिटांत संपते. उरलेल्या दिवसाचं त्याने करायचं काय? लोकेने पिसं मोजायला घेतली होती.

आता सूर्यफुलाच्या बिया वाटीतून निघून सरांच्या खिशात गेल्या. तो पगार, फुकट मिळणार नाही. वाटीत गाजर, मटार, मोडाचे मूग, शेवग्याचा पाला. त्यातलंही निम्मं कागदी पेल्यांत गुंडाळून, सालासकट मक्याच्या कणसात दडवून, दोरीला टांगून. रात्रीची सलग अकरा तास झोप, अंधाऱ्या खोलीत. म्हणून काकूंच्या मालिकांचा आवाज आठनंतर बंद आणि पुढचे संवाद ओठांवरून ओळखायचे. नॉनस्टिकचा तवा घराबाहेर, कारण तो अती तापला तर त्याच्या वाफेने पक्षी पटकन मरतात. माळ्यावरचा बिडाचा तवा खाली आला. "डोसे सुधारले," काकू म्हणतात, "एवढं मात्र त्या लोकेचं देणं लागते."

आणि ओरडण्याचं काय? थव्यातला पोपट दिसेनासा झालेल्या सोबत्याला हाक मारतो आणि उत्तर येईपर्यंत मारत राहतो. लोके इतके दिवस विचारत होता, "आहात का?" आणि सर ओरडून सांगत होते, "आहे!" सरांनी उत्तर द्यायचं ठेवलं, फक्त उत्तर देण्याची वेळ बदलली. किंचाळला की घरातल्या कुणी हलायचं नाही, बघायचंही नाही. हळू शीळ घातली किंवा एखादा शब्द बोलला की आतल्या खोलीतून लगेच शीळ परत, शिट्टीची खूण आणि वर एक बी.

इथे एक अडचण असते, आणि ती माहीत नसल्यामुळे बहुतेक घरं नेमकी नको तिथे हार मानतात. इतके दिवस मिळणारं बक्षीस बंद झालं की ते परत मिळवण्यासाठी प्राणी आधी तेच वागणं वाढवतो. लोकेचं हे वाढीव पर्व आणि सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा एकाच आठवड्यात आली. विषय क्रमांक सात: सदनिका ४०३ मधील पक्ष्याचा आवाज. सचिवांनी वाचून दाखवलं. सर उभे राहिले.

"लिफ्ट आली नाही तर तुम्ही काय करता?"

सभा बुचकळ्यात पडली. लिफ्टचा विषय क्रमांक चार होता आणि तो तहकूब झाला होता.

"तेच बटण दहा वेळा दाबता. जोरात दाबता. मग बटणाला शिवी देता आणि जिन्याने जाता. लोके सध्या बटण दाबतोय. आत्ता कुणी 'गप रे' म्हणून दाद दिलीत, तर तो शिकेल की जास्त जोराने दाबायचं असतं. आठवडा द्या."

सचिव म्हणाले, "म्हणजे आवाज वाढला, तर उपाय लागू पडतोय असं समजायचं?"

"शाब्बास," सर म्हणाले आणि त्यांनी सचिवांना खिशातली राजगिऱ्याची चिक्की दिली.

तेव्हा अध्यक्ष उठले. ते सरांचेच विद्यार्थी, आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर, सरांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात. त्यांनी घसा साफ केला. "सर, पोपटाचं काही नाही. त्याची सवय होईल. पण ती शिट्टी... सकाळी साडेसातला वरून शिट्टी आली की अजून पोटात गोळा येतो. चहा सांडतो हातातला."

सभा मनमुराद हसली. सर हसले नाहीत. "किती फेऱ्या मारायला लावल्या होत्या तुला?"

"मोजल्या नाहीत, सर."

सर खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून घरातली शिट्टी बंद झाली. सरांनी जिभेने 'टक्' करायला सुरुवात केली. लोकेने ते एका संध्याकाळीत स्वीकारलं. टक् झाल्यावर बी मिळते एवढं कळल्यावर त्याची काही तक्रार नव्हती. अध्यक्षांचं प्रकरण मात्र जुनं होतं आणि सरांनी ते रीतसर हाती घेतलं. भीती घालवण्याची पद्धत पोपटाची असो की अध्यक्षांची, एकच: घाबरवणारी गोष्ट इतक्या दुरून आणि इतकी मंद दाखवायची की घाबरायची वेळच येऊ नये, आणि लगेच आवडीचं काही द्यायचं. मग हळूहळू अंतर कमी. सर संध्याकाळी बागेच्या पार टोकाला उभे राहून अगदी हलकी शिट्टी वाजवत आणि वॉचमनमार्फत अध्यक्षांना चिक्की पोचती करत. पुढे मधल्या कारंज्यापासून. मग पार्किंगमधून. अध्यक्षांनी आधी हे सरांचा मान राखण्यासाठी सहन केलं. गेल्या महिन्यात लिफ्टजवळ शिट्टी वाजली, तेव्हा फोनवर बोलता बोलता त्यांनी हात पुढे केल्याचं मी पाहिलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

सरांची घरभेट हा बघण्यासारखा प्रकार असतो. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका टॉवरमध्ये इग्वाना होता, दीड मीटर, हिरवा, तापट. मूळचा मध्य-दक्षिण अमेरिकेतला, इथे बाथरूममध्ये. घरातल्या आजी त्याला घोरपड म्हणत आणि त्या बाथरूममध्ये जात नसत. मालकाचं म्हणणं, सुटीच्या दिवशी प्रेमाने उचलायला गेलं की शेपटी मारतो. सरांनी मालकाला उचलून दाखवायला सांगितलं. मालकाने वरून हात घातला.

"थांबा. झाडावर राहणाऱ्या या प्राण्यावर वरून काय येतं?"

"काय?"

"ससाणा. तुम्ही दर रविवारी ससाणा होऊन येता आणि वर तक्रार करता."

मग सरांनी दाखवलं. इग्वाना आधी मान वरखाली करतो, गळ्याखालची झालर ताणतो, अंग चपटं करून आडवा उभा राहतो. शेपटी सर्वांत शेवटी येते. त्याआधीचे तीन निरोप मालकाने वाचलेले नसतात. बंद काचेच्या खिडकीतलं ऊनही त्याच्या फारसं उपयोगाचं नव्हतं. हाडांसाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. त्याला वेगळा दिवा लागतो. हे सगळं झाल्यावर सरांनी लाल प्लास्टिकचा चमचा काढला. इग्वानाने चमच्याला नाक लावलं की टक्, आणि जास्वंदीचं फूल. जास्वंद त्याला जिवापाड आवडते. आजींचा इथे संताप झाला: बाप्पाचं फूल घोरपडीला? सरांनी आजींनाच फुलं द्यायच्या कामावर नेमलं. आता इग्वाना चमच्यामागे चालत आपण होऊन आपल्या पिंजऱ्यात जातो आणि आजी शेजारणींना सांगतात, "आमचा फार शहाणा आहे, उचलावंसुद्धा लागत नाही."

एका जोडप्याने शुगर ग्लायडर हा इवलासा झेपावणारा प्राणी पाळला होता, एकटा. रात्रभर भुंकतो म्हणून त्रासले होते. कळपात राहणारा प्राणी एकटा ठेवलात, तो कुणाला तरी हाका मारतोय, याचा इलाज माझ्या खिशात नाही, असं सांगून सर चहा न घेता निघाले.

प्रत्येक घरी सर शंभर पानी वही देतात. तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं. पंधरा दिवसांनी वही तपासायला येतात, लाल पेनासकट. 'मुद्दाम', 'सूड', 'नाटकी', 'लाडावलाय' हे शब्द दिसले की खाली रेघ. मी एक वही पाहिली आहे. आयटीतल्या चाळिशीच्या गृहस्थाने लिहिलं होतं, 'काकाकुवा माझ्या बायकोवर जळतो.' समासात सरांचा शेरा: 'हे निरीक्षण नाही. बायको खोलीत आल्यावर तुम्ही पक्ष्याला खांद्यावरून उतरवता का? पाहून पुन्हा लिहा.' त्याने पाहिलं. उतरवत होता.

सरांच्या दिवाणखान्यात पूर्वी एका हिंदकेसरी पहिलवानाचा फोटो होता. अजूनही आहे, पण शेजारी अॅलेक्सचा लागलाय. अॅलेक्स हाही आफ्रिकन ग्रे. आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये शिकागोच्या दुकानातून त्याला घेतलं आणि २००७ मध्ये तो मरेपर्यंत त्याच्याबरोबर काम केलं. शंभरावर शब्द, रंग, आकार, सहापर्यंत मोजणी. चाचण्यांचा कंटाळा आला की तो उत्तरं मुद्दाम चुकवायचा, असं त्या सांगत. ("मुद्दाम?" मी विचारलं. "त्या शास्त्रज्ञ आहेत," सर म्हणाले, "त्यांना परवानगी आहे.") सर त्या फोटोकडे पाहून एकदा म्हणाले, "आमच्या शाळेत असता तर मी याला अंगठे धरून उभा केला असता." आणि वर्तमानपत्र उघडलं.

काकूंचं एक दुखणं मात्र उरलं होतं. "चाळीस वर्षांत मला एकदा शाब्बास नाही. त्या लोकेला दिवसातून पन्नासदा." हे सरांच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी पोहे खाताना ते काकूंना "शाब्बास" म्हणाले. मागोमाग चिक्कीही पुढे केली. काकूंनी चिक्की घेतली, पुस्तकही वाचायला घेतलं आणि पुढच्या आठवड्यापासून ओला टॉवेल दोरीवर वाळत घातलेल्या दिवशीच दुसरा चहा मिळू लागला. सरांचा टॉवेल हल्ली रोज दोरीवर असतो. तीन रकान्यांची वही सगळ्या डोंबिवलीला वाटणाऱ्या या माणसाला त्यामागचं कारण अजून सापडलेलं नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत सर पी.टी.चेच मास्तर आहेत. २०१६ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या जोहान्सबर्ग परिषदेत आफ्रिकन ग्रेला व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत घातलं, कारण पिंजऱ्यांसाठी पकडून पकडून त्याची रानं ओस पडली. आपल्याकडे अशा यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनी सक्तीची झाली. लोकेचा अर्ज सरांनी पहिल्याच आठवड्यात भरला. मृत्युपत्रातही त्याचं नाव आहे. सर ६८ वर्षांचे, लोके ११ चा, आणि ही जात पिंजऱ्यात चाळीस-पन्नास वर्षं सहज जगते. त्याला कोण सांभाळणार, बिया कोणत्या खिशात ठेवायच्या, टक् कसं करायचं, हे सगळं दोन पानांत लिहिलंय. पहिला वारस मुलगा, तो न आल्यास अध्यक्ष. अध्यक्षांनी सही केली आहे.

तेव्हा तुमच्याकडे असा कुणी चावरा, किंचाळणारा, रुसलेला परदेशी पाहुणा असेल, तर सरांना जरूर बोलवा. फी नाही, चहा बिनसाखरेचा लागतो, नोंदणीचा कागद तयार ठेवा आणि पशुवैद्याला आधी दाखवून घ्या. मात्र पिंजऱ्यात मिरची खाणारा आपला हिरवा मिठू असेल, तर सर येणार नाहीत. देशी पोपट पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो कितीही गोड बोलो. त्यासाठी वनविभागाचा क्रमांक १९२६.